टीव्हीचं ऑनलाइन वेळापत्रक: स्क्रीन रीडरवर वेळ आणि वाहिनी यांची सांगड लागत नाही तेव्हा

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं आहे. टीव्ही कार्यक्रमांच्या वेळापत्रकाचं पान उघडायचं, खालचा बाण दाबत जायचं आणि कानावर पडतं ते असं: आधी सात, साडेसात, आठ, साडेआठ अशी नुसती वेळांची रांग. मग वाहिन्यांची नावं, तीही ओळीने सगळी. मग ‘बातम्या’, ‘बातम्या’, ‘मराठी चित्रपट’, ‘बातम्या’, ‘टेलिशॉपिंग’, ‘बातम्या’. यातल्या कुठल्या बातम्या कुठल्या वाहिनीवर, किती वाजता, ते पान संपलं तरी कळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ब्राउझर बदलून पाहिला, एनव्हीडीए (संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) काढून परत टाकला, तरी तेच.

एनव्हीडीए परत टाकून काही होणार नाही, कारण बिघाड तिथे नाहीच. वेळापत्रकाचं पान हे मुळात एक चित्र असतं. वाहिन्या वरून खाली, वेळ डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक कार्यक्रम म्हणजे त्या जाळीत आडवी ठेवलेली एक पट्टी. अर्ध्या तासाची पट्टी आखूड, तीन तासांच्या सिनेमाची लांबलचक. पट्टीवर बहुतेक वेळा कार्यक्रमाचं नाव तेवढं लिहिलेलं असतं. वेळ लिहिलेली नसते, ती पट्टीच्या जागेवरून ओळखायची असते. डोळस माणूस पट्टीवरून नजर सरळ वर नेतो, ‘साडेआठ’ वाचतो, डावीकडे नेतो, वाहिनीचा लोगो बघतो. स्क्रीन रीडरला पडद्यावरची जागा समजत नाही. पानाच्या कोडमध्ये मजकूर ज्या क्रमाने आहे त्या क्रमाने तो वाचतो. शब्दकोडं सोडवून झाल्यावर त्यातली सगळी अक्षरं कुणी सलग वाचून दाखवावीत, तसा हा प्रकार होतो.

म्हणून खालचे बहुतेक उपाय एकाच दिशेने जातात: जाळीशी झगडायचं नाही, जाळी मोडून तिची यादी करून घ्यायची. कळा एनव्हीडीएच्या दिल्या आहेत. ‘एनव्हीडीए कळ’ म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही सेटिंगमध्ये ठरवलं असेल तर कॅप्स लॉक. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना टेबलमध्ये फिरायच्या आणि एका अक्षराने उडी मारायच्या बहुतेक कळा त्याच आहेत, लिंकसाठीची के मात्र नाही.

आधी स्वतःला विचारा: नेमकं काय हवंय?

वेळापत्रकाकडे आपण तीन वेगळे प्रश्न घेऊन जातो. आपल्या नेहमीच्या वाहिनीवर आज रात्री काय आहे? आत्ता या क्षणी कुठे काय चालू आहे? आणि अमुक सामना किंवा तमुक सिनेमा कधी, कुठे लागणार? डोळसांची जाळी या तिन्हींची उत्तरं एकाच नजरेत देते. कानाला एका वेळी एकच उत्तर मिळतं, त्यामुळे तिन्हींसाठी एकाच पानावर जाण्यात वेळ फुकट जातो.

पहिल्या प्रश्नासाठी जाळीचं पान उघडूच नका. सर्च इंजिनमध्ये वाहिनीचं नाव आणि पुढे ‘शेड्यूल’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा. वेळापत्रक देणाऱ्या बऱ्याच संकेतस्थळांवर प्रत्येक वाहिनीचं स्वतंत्र पान असतं आणि तिथे दिवसभराचे कार्यक्रम एकाखाली एक, वेळेसकट दिलेले असतात. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सह्याद्री अशा चार-पाच वाहिन्यांची पानं एकदा शोधून बुकमार्क केली, की नव्वद टक्के काम तिथेच संपतं. पत्त्यात तारीख दिसत असेल तर तो बुकमार्क दुसऱ्या दिवशी शिळा होतो. तारीख पुसून बघा, बहुतेक वेळा आजचं पान उघडतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी ‘आत्ता चालू’ किंवा ‘नाऊ’ अशा नावाचा टॅब किंवा बटण शोधा. बी दाबत बटणांवरून, के दाबत लिंकवरून जा. तिसऱ्यासाठी सरळ शोधचौकट गाठायची: ई दाबलं की टाइप करायच्या चौकटीवर पोचता येतं.

जुन्या लोकांना आठवेल, टीव्हीचं वेळापत्रक कधीकाळी टीव्हीच बोलून दाखवायचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं निवेदिका प्रत्येक कार्यक्रमाआधी पडद्यावर येऊन पुढे काय आहे ते सांगायच्या. ‘साप्ताहिकी’ हा तर अख्खा कार्यक्रमच आठवड्याचं वेळापत्रक सांगण्यासाठी होता. एक वाहिनी, वेळेच्या क्रमाने, बोलून. दिसत नसलेल्या प्रेक्षकाची वेगळी सोय करायची म्हणून कुणी तो बेत आखला नव्हता, पण कानाला लागतो तो आकार नेमका हाच. वाहिनीचं स्वतंत्र पान आपल्याला तेच परत मिळवून देतं.

जाळीच वाचायची असेल तर: खरं टेबल आहे का, ते तपासा

कधी कधी जाळीला पर्याय नसतो. तेव्हा पहिली तपासणी एका कळीची आहे. ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे बाणांनी आणि अक्षरांच्या कळांनी पान वाचता येतं त्या नेहमीच्या अवस्थेत, टी दाबा. एनव्हीडीएने ‘टेबल, इतक्या ओळी, इतके स्तंभ’ असं सांगितलं तर नशीब चांगलं आहे. पुढे टेबल नाही असं सांगितलं तर ही खरी जाळी नाही, नुसते चौकोन रचून केलेला देखावा आहे. तेव्हा सरळ पुढच्या भागाकडे वळा.

खरं टेबल असेल तर कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाण वापरा. उजव्या बाणाने त्याच वाहिनीवरचा पुढचा कार्यक्रम, खालच्या बाणाने त्याच वेळेला पुढच्या वाहिनीवर काय आहे ते. प्रत्येक कप्प्यात वेळ आणि वाहिनी बोलली जायला हवी असेल तर एनव्हीडीए + कंट्रोल + डी दाबून डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये जा आणि टेबलच्या हेडर्ससाठी ‘ओळी आणि स्तंभ’ दोन्ही निवडा. तिथेच कप्प्याचे निर्देशांक सांगण्याची खूण काढून टाका. ‘ओळ १४ स्तंभ ६’ हे ऐकून आपल्याला काहीच मिळत नाही, आणि दर कप्प्याला ते ऐकून डोकं उठतं ते वेगळंच.

एका वाहिनीची ओळ आहात तिथून शेवटपर्यंत सलग ऐकायची तर एनव्हीडीए + कंट्रोल + ऑल्ट + उजवा बाण. एका वेळेचा स्तंभ तिथून खाली शेवटपर्यंत ऐकायचा तर त्याच कळांबरोबर खालचा बाण. या कळा २०२२च्या आवृत्त्यांमध्ये आल्या, त्यामुळे जुना एनव्हीडीए असेल तर आधी तो अद्ययावत करा.

मोठ्या कार्यक्रमांचा एक घोळ लक्षात ठेवा. दोन तासांचा सिनेमा अर्ध्या तासाचे चार स्तंभ व्यापून बसतो. निर्देशांक चालू ठेवले असतील तर एनव्हीडीए ‘स्तंभ ३ ते ६’ असं काहीतरी सांगतो. अशा कप्प्यातून खाली गेल्यावर तुम्ही साडेआठच्या स्तंभात होतात की साडेसातच्या, याची खात्री राहत नाही. अशा उडीनंतर स्तंभाचं हेडर पुन्हा ऐकल्याशिवाय वेळ खरी धरू नका.

आणि एक विचित्र तक्रार मध्येच येते: ‘मी टेबलात उजवा बाण दाबला आणि घरातले ओरडले की पडदा आडवा झाला.’ इंटेल ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये कंट्रोल + ऑल्ट + बाण याच कळा पडदा फिरवण्यासाठी ठेवलेल्या असत. कंट्रोल + ऑल्ट + वरचा बाण दाबलं की पडदा सरळ होतो. मग इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन हॉट की बंद करा, म्हणजे त्या कळा स्क्रीन रीडरला मोकळ्या मिळतील. एकट्याने राहणाऱ्या माणसाचा पडदा कितीतरी दिवस उलटा असू शकतो, आणि त्याचं त्याला काहीच अडत नाही!

टेबल नाही: मग पान फुगवा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय हा आहे. आपण पडदा बघत नाही म्हणून झूमच्या कळा आपल्या कामाच्या नाहीत असं धरून चालतो. पण हल्लीची बरीच पानं पडद्याची रुंदी बघून स्वतःची मांडणी बदलतात. रुंद पडद्यावर जाळी, फोनच्या अरुंद पडद्यावर यादी. फोनवर जाळी मावतच नाही, त्यामुळे बनवणाऱ्याला झक मारत यादी करावी लागते, आणि त्या यादीत प्रत्येक कार्यक्रमासोबत त्याची वेळ लिहावी लागते, कारण वर बघायला वेळांची रांग उरलेली नसते.

झूम वाढवलं की पानाला वाटतं पडदा अरुंद झाला. १२८० पिक्सेलचा पडदा ४०० टक्क्यांवर नेला की पानाच्या हिशेबी त्याची रुंदी ३२० पिक्सेल उरते, म्हणजे लहान फोनएवढी. म्हणून कंट्रोल आणि अधिक ही कळ क्रोममध्ये सात-आठ वेळा, फायरफॉक्समध्ये आठ-नऊ वेळा दाबा. तेवढ्यात तुम्ही ३०० ते ४०० टक्क्यांवर पोचता. मग एनव्हीडीए + एफ५ दाबून एनव्हीडीएला पान नव्याने वाचायला लावा आणि वरून सुरुवात करा. बऱ्याच ठिकाणी वाहिनीचं नाव हेडिंग झालेलं आढळेल आणि त्याखाली ‘८:३० ते ९:००’ अशा वेळांसकट कार्यक्रम. एच दाबत वाहिन्यांवरून उड्या मारा. झूम त्या संकेतस्थळापुरतं लक्षात राहतं, रोज करावं लागत नाही. नेहमीचा आकार हवा असेल तर कंट्रोल + शून्य.

सगळीकडे हे चालत नाही. टेबलं आणि दोन्ही दिशांना पसरणाऱ्या मांडण्यांना डब्ल्यूसीएजीच्या (वेब पानं दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या) नियमातही अरुंद होण्यापासून सूट आहे, त्याचा फायदा घेऊन काही पानं जाळी तशीच ठेवतात आणि फक्त आडवं सरकायला लावतात. तरी फुगवून बघायला दहा सेकंद लागतात, तेवढी खर्च करावीत.

यादी मिळाली तरी वेळ, नाव आणि ‘रिमाइंडर लावा’ हे बटण सगळं एकाच ओळीत चिकटून येत असेल तर एनव्हीडीए + व्ही दाबा. पडद्यावरच्या मांडणीप्रमाणे ओळी धरायचं बंद होतं आणि प्रत्येक लिंक आणि बटण स्वतंत्र ओळीवर येतं.

वाहिनी पानावर आहे असं घरचे सांगतात, पण शोधल्यावर सापडत नाही

एनव्हीडीए + कंट्रोल + एफ दाबून ‘सह्याद्री’ शोधलं, सापडलं नाही. मुलगा म्हणतो, ‘अगं आई, खाली आहे की, मला दिसतंय.’ दोघांचंही खरं असतं. वाहिन्या शेकड्यांनी असल्यामुळे असं पान पडद्यावर मावतील तेवढ्याच वाहिन्या कोडमध्ये ठेवतं. खाली सरकलं की पुढच्या भरतं आणि वरच्या काढून टाकतं. मुलाने माउसने सरकवलं, म्हणून त्याला दिसली. आपण ब्राउझ मोडमध्ये बाणाने फिरतो तेव्हा पान सरकलंय हे पानाला नेहमी कळतंच असं नाही, आणि जे कोडमध्ये आलेलंच नाही ते कुठलाही स्क्रीन रीडर शोधू शकत नाही.

इथे उपाय वरच्याच्या उलट: झूम कमी करा. कंट्रोल आणि उणे. क्रोम २५ टक्क्यांपर्यंत खाली जातं, फायरफॉक्स ३० पर्यंत. अक्षरं मुंगीएवढी झाली तरी आपलं काय बिघडतंय? पडद्यावर जास्त वाहिन्या मावतात, म्हणून पान जास्त वाहिन्या भरतं. मग एनव्हीडीए + एफ५, आणि पुन्हा शोधा.

त्याहून चांगलं म्हणजे गाळणी वापरणं. ‘भाषा’ किंवा ‘लँग्वेज’ अशी निवड असेल तर मराठी लावा. शेकड्यांच्या जागी पंधरा-वीस वाहिन्या उरतात आणि सगळ्या एकदम भरल्या जातात. अडचण एवढीच की ही गाळणी बऱ्याचदा नुसत्या क्लिक होणाऱ्या चौकोनाची असते. टॅब तिच्यावर थांबत नाही, बी दाबून सापडत नाही. बाणाने तिच्यापर्यंत जाऊन एंटर दाबा. काही झालं नाही तर एनव्हीडीए + नमपॅडचं भागाकार चिन्ह दाबून माउस त्या जागी आणा आणि नुसतं भागाकार दाबून क्लिक करा. लॅपटॉपच्या कळमांडणीत हेच काम एनव्हीडीए + शिफ्ट + एम आणि मग एनव्हीडीए + डावा चौकोनी कंस यांनी होतं.

‘उद्या’ दाबलं, पण काहीच बोललं नाही

बोलणार नाही. पानाने खालचा मजकूर गुपचूप बदलला आणि स्क्रीन रीडरला कळवलं नाही. एनव्हीडीए + एफ५ करून खाली जा आणि पहिला कार्यक्रम ऐका. आजचा तोच आहे का वेगळा, यावरून ठरवा. बटण दाबलेलं आहे की नाही यावर विसंबू नका. बऱ्याच पानांत निवडलेली तारीख फक्त रंगाने दाखवलेली असते.

वाचता वाचता पान परत सुरुवातीला नेऊन सोडतं

‘आत्ता’ची रेघ पुढे सरकवायला ही पानं दर थोड्या वेळाने स्वतःला ताजं करतात आणि आपला कर्सर वर फेकला जातो. पंचविसाव्या वाहिनीपर्यंत पोचावं आणि पुन्हा ‘लोगो, लिंक, होम’ ऐकू यावं, यासारखा संताप नाही.

सगळ्यात साधा इलाज: पान पूर्ण उघडलं की इंटरनेट बंद करा. लॅपटॉपवर वायफाय, फोनवर एअरप्लेन मोड. भरलेला मजकूर जागेवर राहतो, नवा येत नाही, कर्सर हलत नाही. अख्खं पानच नव्याने उघडणारी काही संकेतस्थळं असतात, तिथे मात्र याने ‘इंटरनेट नाही’ एवढाच निरोप मिळेल. अशा वेळी ब्राउझ मोडमध्ये कंट्रोल + ए, कंट्रोल + सी करून सगळं नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे शोध चालतो, पान उडी मारत नाही, आणि रात्री पुन्हा बघायचं असेल तर फाइल हाताशी असते. फक्त चिकटवण्याआधी जाळी मोडून यादी करून घ्या. नाहीतर नोटपॅडमध्येही तोच ‘बातम्या, बातम्या’चा ढीग येईल.

चालू कार्यक्रम किती झाला हे दाखवणाऱ्या पट्ट्यांमुळे मध्येच टूं-टूं असे चढत जाणारे आवाज येत असतील तर ते एनव्हीडीएचेच आहेत. एनव्हीडीए + यू दाबत गेलं की बंद होतात. पान सारखं स्वतःहून काहीतरी बोलत असेल तर एनव्हीडीए + ५. आणि जाहिरातीचा व्हिडिओ मोठ्याने सुरू होऊन वाचन बुडवत असेल तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल + एम ने तेवढा टॅब मुका करता येतो.

बाण चालेनासे होतात, अक्षरांच्या कळाही

कर्सर जाळीत शिरला, ‘टक’ असा आवाज झाला, आणि एच दाबलं तरी काही नाही. एनव्हीडीए फोकस मोडमध्ये गेला आहे. तुमच्या कळा आता तो ऐकत नाही, पान ऐकतंय. एस्केप किंवा एनव्हीडीए + स्पेस. तरीही बाहेर पडता येत नसेल तर त्या भागाला ‘ॲप्लिकेशन’ म्हणून जाहीर केलेलं असतं. एनव्हीडीए + कंट्रोल + स्पेसने त्यातून बाहेर येता येतं.

बाहेर पळण्याआधी एकदा मात्र त्या मोडमध्येच नुसते बाण दाबून बघा. चांगल्या बनवलेल्या जाळ्या मुद्दाम अशा असतात, आणि त्यांत प्रत्येक बाणासरशी वाहिनी, वेळ, नाव असं पूर्ण वाक्य ऐकू येतं. असं पान मिळालं तर झूमबिम सगळं विसरा आणि तेच वापरा.

नावं ओळखू येत नाहीत

मराठी मालिकांची नावं रोमन लिपीत दिलेली असतील तर इंग्रजी आवाज त्यांचं जे करतो ते ऐकवत नाही. त्यावर उपाय तुमच्या हातात फारसा नाही. मराठी पानाचा पर्याय असेल तर तो निवडा. उलटा प्रकार दुरुस्त होतो: मजकूर देवनागरीत आहे, पण पानाने स्वतःची भाषा इंग्रजी किंवा हिंदी म्हणून जाहीर केली आहे. मग एनव्हीडीए आज्ञाधारकपणे आवाज बदलतो आणि देवनागरी चुकीच्या आवाजाच्या हवाली होते. स्पीचच्या सेटिंगमध्ये आपोआप भाषा बदलण्याची खूण काढा आणि मराठी आवाज कायम ठेवा. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या प्रोग्राममध्ये मराठी आहे.

वाहिनीच्या जागी ‘लोगो आडवी रेघ ३ आडवी रेघ स्मॉल’ असं काही ऐकू येत असेल तर ते चित्राच्या फाइलचं नाव आहे. त्या लोगोवर एंटर दाबा. वाहिनीचं पान उघडलं की एनव्हीडीए + टी ने पानाचं शीर्षक ऐका, नाव तिथे असतं.

फोनवर

फोनवर जाळीचं दुखणं कमी असतं, कारण वर सांगितलं तसं तिथे यादीच असते. फोन उभाच धरा. आडवा केला की काही ॲप पुन्हा जाळी दाखवतात. अँड्रॉइडच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरवर बोट वरून खाली किंवा खालून वर फिरवून हेडिंगनुसार फिरता येतं. त्याआधी तीन बोटांनी वर किंवा खाली सरकवून वाचनाचा प्रकार ‘हेडिंग’ निवडायचा. आयफोनवर दोन बोटांनी रोटर (वाचनाचा प्रकार निवडायची चकती) फिरवून तेच.

फोनची एक गोष्ट मात्र संगणकावर नाही. तिथे जाळी आलीच, तर ती बोटाने चाचपता येते. डाव्या कडेला बोट ठेवून खाली या, वाहिनीचं नाव ऐकू आलं की बोट न उचलता सरळ उजवीकडे न्या. ही त्या वाहिनीची ओळ. डोळस माणूस नजरेने करतो तेच हे, बोटाने. सवय लागायला वेळ लागतो, पण जन्मापासून न दिसणाऱ्या माणसालाही ‘याच वेळेला खालच्या वाहिनीवर’ म्हणजे काय ते यातून चटकन कळतं.

वेळ ऐकू येते, पण चुकीची

हे दोन प्रकारे होतं. पहिला, मध्यरात्रीचा. शुक्रवारी रात्री साडेबाराचा सिनेमा काही ठिकाणी शुक्रवारच्या पानावर शेवटी असतो, काही ठिकाणी शनिवारच्या पानावर पहिला. पान उघडल्यावर यादीतली पहिली वेळ ऐका. ती रात्री बाराची असेल तर साडेबारासाठी पुढच्या तारखेकडे जायचं, पहाटेची असेल तर त्याच दिवशी शेवटाकडे.

दुसरा प्रकार परदेशातल्यांचा. काही पानं संगणकाच्या घड्याळाप्रमाणे वेळ बदलून देतात, काही भारतीय वेळच ठेवतात, आणि कुठली ते तळाशी बारीक अक्षरांत असतं. सह्याद्रीच्या संध्याकाळच्या सातच्या बातम्या शोधा. न्यू जर्सीत बसून त्या उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला किंवा हिवाळ्यात साडेआठला दिसल्या तर वेळ तुमच्या घड्याळाची आहे. सातच दिसले तर भारताची. तिथल्या मंडळींना आणखी एक: अमेरिकेत २० डिसेंबर २०१६पासून मोठ्या केबल कंपन्यांना, ग्राहकाने मागितल्यास, पडद्यावरची कार्यक्रम-सूची बोलून दाखवणारं उपकरण द्यावं लागतं. कंपनीला फोन करून ते मागा. वेबसाइटशी मारामारीच नको.

तक्रार करताना

‘तुमचं पान ॲक्सेसिबल नाही’ एवढं लिहिलं तर ‘आम्ही लक्ष घालू’ एवढंच उत्तर येतं. बनवणाऱ्याला दुरुस्त करता येईल असं लिहा. माझा मजकूर साधारण असा असतो:

‘मी एनव्हीडीए आणि फायरफॉक्स वापरतो. तुमच्या वेळापत्रकाच्या पानावर कार्यक्रमाचं नाव ऐकू येतं, पण वेळ आणि वाहिनी ऐकू येत नाही. जाळी खऱ्या टेबलमध्ये, ओळी आणि स्तंभांच्या हेडरसह द्यावी, किंवा प्रत्येक कार्यक्रमाच्या लेबलमध्ये वाहिनी, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ घालावी. वाहिनीच्या लोगोला पर्यायी मजकूर द्यावा. भाषेची गाळणी कीबोर्डने चालावी. पान ताजं होताना फोकस हलू नये. जाळीशेजारी ‘यादी’ असा पर्याय द्यावा.’

शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि एकट्या तिने आपलं बहुतेक काम होतं, म्हणून बाकी काही मान्य झालं नाही तरी ती रेटा. फोनसाठी केलेली यादी त्यांच्याकडे बऱ्याचदा तयारच असते. मोठ्या पडद्यावर तिचं बटण द्यायचं, एवढाच प्रश्न असतो. पर्यायी मजकूर, कीबोर्ड आणि मांडणीतले संबंध कोडमध्ये सांगणं या तिन्ही गोष्टी डब्ल्यूसीएजीमध्ये ए पातळीवर, म्हणजे किमान अपेक्षेत येतात, हेही लिहा. भारतातली कंपनी असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चं कलम ४२ आणि ३० एप्रिल २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा उल्लेख करा. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. यानंतर उत्तराचा सूर बदलतो.

तक्रारीला पडद्याचं चित्र जोडू नका, त्यात त्यांना सगळं ठीकच दिसेल. त्याऐवजी एनव्हीडीएचा आवाज फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ती फाइल जोडा.